वहिनी, तुझी शेवटची पुडी

वहिनी, आज सकाळपासून आभाळ आलंय.

इथं भिंगारला सगळे अंगणात येऊन वर बघतायत. नळावरच्या बायका भांडण विसरल्यात. समोरचे पेन्शनर सुभेदार म्हणाले, चार थेंब पडले तरी हरभरा तगेल. यंदा पाऊस कसा तो झालाच नाही, त्यामुळे अख्खा नगर जिल्हा या ढगांकडे डोळे लावून बसलाय, आणि मी एकटा मनातल्या मनात म्हणतोय, जा बाबांनो, पुढं जा, दुसरीकडं कुठं तरी पडा. आभाळ आलं की माझ्या मंदाची छाती भरते. हे मी सुभेदारांना सांगू शकत नाही. लोक मला दगड मारतील. तुला मात्र सांगता आलं असतं.

कचेरीत गेलो होतो, पण लक्ष लागेना. साहेबाला पोटदुखी सांगून दुपारीच घरी आलो. मंदा आत गणितं सोडवत बसली आहे आणि मी दारात खुर्ची टाकून तिच्या श्वासाकडे कान लावून बसलोय. तिला ते कळतं. "बाबा, मी बरी आहे," असं ती मी न विचारताच मधेमधे सांगते. सुमन म्हणते, तुमच्या अशा बघण्यानंच पोरीला धाप लागायची एखाद्या दिवशी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भावजी, तुमी काळजीचं दुकान टाका. माल लई हाय तुमच्यापाशी." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

हसायला तू नाहीस. तुझा तेरावा उरकून आम्ही परत आलो त्याला आठवडासुद्धा झाला नाही. लोक येतात, तू किती चांगली होतीस ते सांगून चहा पिऊन जातात. मी मान हलवतो. मला तुझ्या चांगुलपणाबद्दल कोणाशी बोलायचं नाहीये. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

मी तुला पहिल्यापासून 'तू' म्हणत आलो आणि तू मला 'तुमी'. मी चड्डी सावरत फिरणारा शेंबडा पोर होतो तेव्हाही तू मला 'अवो भावजी, नाक पुसा' असं मान देऊन म्हणायचीस. आई हसायची. पण वहिनी, त्या शेंबड्या पोराचं खरं दुखणं घरात पहिल्यांदा कळलं ते तुलाच. तू लग्न होऊन आलीस त्या थंडीत मी पहाटे ओसरीवर गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर ओढून बसलेला असायचो. आई दृष्ट काढायची, मिरच्या चुलीत टाकायची, त्या धुरानं मी आणखी घुसमटायचो. तू नवी नवरी, सासूपुढं बोलायची सोय नाही. तू फक्त मिरच्यांचा डबा कुठंतरी लपवून ठेवलास. मग माहेरी जायचं निमित्त काढलंस, वर डोंगरात, आणि परत आलीस ती पदराच्या गाठीत पुडी बांधून.

चिमूटभर भुकटी, मध, वरून कोमट पाणी. कडूजहर. आधी तुरट, मग कडू आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, जिभेच्या टोकाला जरा गोड. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा आडवा होऊन झोपलो. आईनं दुसऱ्या दिवशी तुझ्या हातावर साखर ठेवली होती.

पुढं तुझी आई थकली आणि तिनं ते औषध तुला सांगितलं. कसं सांगितलं, कुठं सांगितलं, कोणाला माहीत नाही. एवढंच माहीत होतं की त्या दिवसापासून म्हातारीनं कोणाला औषध दिलं नाही. दारात कोणी आलं की ती सांगायची, "माजा हात रिता झाला. लेकीकडं जा." आमच्याकडं सगळे तसंच मानतात. औषध देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही. सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाताला येतो. आणि ज्याला औषध घ्यायचंय त्यानं तर नाव कधीच ऐकायचं नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात असे गुण घेऊन बसलेले लोक गावोगाव आहेत. कुणाकडं काविळीचं, कुणाकडं मुतखड्याचं. तुझ्याकडं धापेचं.

मी शिकलो, कचेरीत लागलो, भिंगारला आलो आणि मला या सगळ्याची गंमत वाटायला लागली. तू तिन्हीसांजेला हळदकुंकू आणि अक्षता घेऊन बांधावर निघालीस की मी सुट्टीला आलेला असलो तर मुद्दाम विचारायचो, "काय वहिनी, आज कुणाला आवतण?" झाडाची साल घ्यायची तर आदल्या संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायचं, उद्या येते, रागवू नको म्हणून सांगायचं आणि सकाळी कोणाशी न बोलता जाऊन साल काढायची, ही तुमची रीत. तू उत्तर द्यायची नाहीस. आणि लबाड किती! कोणतं झाड ते कळू नये म्हणून बांधावरच्या प्रत्येक झाडाला अक्षता वाहायचीस. उंबराला, बाभळीला, शिरसाला, लिंबाला. ओढ्यापलीकडच्या बेहड्यालासुद्धा, ज्याच्या सावलीत भुताच्या भीतीनं गावातलं कोणी थांबत नाही. दादा म्हणायचा, "हिनं निम्म्या जंगलाला लग्नाला बोलवलंय."

बेहडा त्यात आहे हे तर कोणीही सांगितलं असतं. खोकला झाला की बेहड्याचं टरफल भाजून गालात धरायचं, हे नगर जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. अडुळसाही असणार, तो तर कुंपणाला आहे. पण या दोघांनी खोकला जातो, तुझ्या पुडीनं धाप बसायची. तिसरं काहीतरी होतं, एखादी साल, आणि ते तू कोणाला सांगितलं नाहीस. दादालासुद्धा.

मग मंदा झाली आणि माझी गंमत संपली. माझी छाती तिनं घेतली, वहिनी. डोळे सुमनचे घेतले, रंग सुमनचा घेतला आणि माझ्याकडून घ्यायला तिला हेच सापडलं. पहिल्यांदा तिला तसं खांदे ओढून बसलेलं बघितलं तेव्हा मला माझाच श्वास घेता येईना. तेव्हापासून तुझी पुडी एसटीनं येत राहिली, कधी दादाबरोबर, कधी ओळखीच्या कंडक्टरबरोबर, आणि दर दिवाळी झाल्यावर तू स्वतः. नगरचे डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, वहिनींचं द्यायचं तर द्या, पण माझ्या गोळ्या बंद करू नका. तू म्हणालीस, "डागदर बरुबर सांगत्यात. वोठ निळं झालं तर माज्या पुडीची वाट बगायची न्हाई. उचलायचं आन पळायचं." तुमचं दोघांचं जमत होतं. जमत नव्हतं ते आपलं.

यंदा दिवाळीनंतर तू आलीस तेव्हा मंदा नुकतीच एका जोराच्या झटक्यातून उठली होती. पायात अजून जोर नव्हता. दोन गोळ्या, एक सुई, तुझी पुडी, सगळं झालं होतं आणि माझा धीर पार सुटला होता. तू जेवायला बसलीस आणि मी विषय काढला. आठवतंय ना?

"वहिनी, नाव सांग. इथं ऐन वेळी पुडी संपली तर मी काय करू? अकोल्याला पोचेपर्यंत पोर राहील का?"

"संपायच्या आत पाठवीन की. आजपतूर कदी संपू दिली का?"

"तुला काही झालं तर?"

हे मी बोललो, वहिनी. बोललो आणि सुमननं माझ्याकडं बघितलं. तू मात्र शांतपणे भाकरीचा तुकडा मोडलास. म्हणालीस, "सांगितलं का माज्या हातचा गुन गेला. मंग येनाऱ्याला काय सांगू? यंदा खडी फोडायच्या कामावर समदा गाव हाय. धुरळ्यानं मानसं घुसमटत्यात. रोज दारात कोन ना कोन हाय."

"आधी घरचं लेकरू, मग गाव."

"धाप काय घर बघून लागती व्हय?"

"गुणबिण काही जात नाही. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून तिचा हात रिता झाला नाही, ती थकली होती. हे सगळं अंधारात ठेवायचं आणि एक दिवस घेऊन जायचं बरोबर, असं चाललंय तुमचं."

तू हात धुतलेस. मग म्हणालीस, "सांगीन. पर तुमी येनाऱ्या-जानाऱ्याला देनार का? भिंगारात बसून? आंदी रातीला कुनी कडी वाजवली तर उठनार का? तुमी तुमच्या मंदीला द्याल आन दार लावून घ्याल. मंग त्यो गुन तुमच्याकडं देऊन काय उपेग?"

मला राग आला. खरं बोललीस म्हणून आला. मी म्हणालो, मी काय वैदू आहे का दारोदार औषध वाटायला. तू म्हणालीस, "म्हनून तर." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, आवाज खाली आणून म्हणालीस, "एवडा हिवाळा जाऊ द्या भावजी. लोकांचा एवडा हिवाळा निभावू द्या मला. शिमगा झाला का सांगते. देवाशपथ."

सकाळच्या गाडीनं गेलीस. मी स्टँडवर सोडायला आलो, पण बोललो नाही. तिकिटासाठी रांगेत उभा राहिलो तेवढंच. पुडी सुमनच्या हातात दिली होतीस, या वेळी नेहमीपेक्षा मोठी.

तुझा शिमगा आता कधी येणार आहे, वहिनी?

तार आली तेव्हा मी कचेरीतून तसाच निघालो. सुमन आणि मंदाला घेतलं, पिशवीत गोळ्या टाकल्या, तुझी पुडी टाकली. नगरहून संगमनेर, संगमनेरहून अकोले, पुढं राजूरच्या गाडीनं फाट्यापर्यंत. प्रत्येक स्टँडवर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो, तिला भेटायचंय. आणि लाज वाटते पण सांगतो, त्याला जोडूनच दुसरा विचार होता की ती शुद्धीवर असेल तर सांगेल. पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती आणि कोणी माझ्याकडं वर मान करून बघत नव्हतं. तापाचं निमित्त झालं म्हणाले. दादा म्हणाला, "तुजंच नाव घेत हुती. भावजी आलं का, भावजी आलं का. म्या म्हनलं, मला सांग, म्या सांगतो त्याला. तर मान हलवून न्हाई म्हनली."

दादाला का सांगितलं नाहीस? तो तर गावातच आहे. त्यानं दारात आलेल्या प्रत्येकाला दिलं असतं. की तुला मला काहीतरी विचारायचं होतं आणि उत्तर ऐकल्याशिवाय सांगायचं नव्हतं? मी रोज हेच उलटसुलट करतोय.

आता जे सांगतो ते तुला कसं सांगावं मला कळत नाही.

लाकडांचा प्रश्न आला. आपल्याकडं रीत आहे, घरटी एक लाकूड येतं. पण यंदा लोकांनी चाऱ्यासाठी झाडं ओरबाडून काढलीत, सरपण निम्मं विकून धान्य आणलंय आणि रानातलं आणायचं तर फॉरेस्टचा गार्ड उभा. लोक खाली माना घालून उभे राहिले. तेव्हा दादा एकदम उठला. "माजी बायकू मागून आनलेल्या लाकडावर न्हाई जायची," म्हणाला. "बांदावरचा शिरस पाडा. पाला तोडून तोडून तसाबी वाळल्यात जमा हाय. दुपारची त्याच्याच बुडाला बसायची ती. तिच्या आवडीचं झाड हाय. तिला त्येच दिऊ." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मला वाटलं, दादासारख्या अबोल माणसानं तुझ्यासाठी केलेली ही एवढी एकच बोलकी गोष्ट. चार जणांनी कंबरेच्या उंचीवर कुऱ्हाडी घातल्या. दोन ढलप्या मीही उचलून नेल्या.

शिरसानं तुला चांगली आग दिली, वहिनी. काही कमी पडलं नाही.

राख सावडायला आम्ही सकाळी गेलो. परत येताना दादा सवयीनं बांधावरून निघाला आणि खोडापाशी थांबला. कंबरेएवढा बुंधा उभा होता. उगवतीच्या अंगाला, खाली, बसलेल्या बाईचा हात पोचेल तिथं, सालीवर शेणमातीचे पोपडे होते. कुऱ्हाडीच्या धक्क्यांनी ते निम्मे गळून पडले होते आणि आत चौकोन दिसत होते. हाताच्या तळव्याएवढे. काही जुने, कडांनी नवी साल धरून भरून आलेले, काही अजून पिवळे. साल काढून झाल्यावर तू जखमेवर शेणमाती लिंपत होतीस. झाडाला बरं वाटावं म्हणून आणि कोणाला कळू नये म्हणून. आम्हाला ती वाळवीची माती वाटली होती.

दादानं एका चौकोनावर हात ठेवला. मग तिथंच खाली बसला.

"ह्योच हुता व्हय," म्हणाला. "मला काय ठाव? कदी बोलली का ती? तू सांग, कदी बोलली का?"

मीही त्याच्या शेजारी बसलो. अस्थींचं मडकं आमच्या मधे होतं. बायकोला आवडीचं झाड द्यायला गेला आणि तू जपलेलं झाड तुझ्याखालीच जाळून आला. तू इतकं लपवलं नसतंस तर त्यानं दुसऱ्यांच्या दारात हात पसरून लाकडं आणली असती, पण त्या झाडाला कुऱ्हाड लावू दिली नसती. हा माझा तुझ्यावरचा पहिला राग. अजून आहे.

सुमन मात्र घरी आल्यावर म्हणाली, "अहो, शिरस काय जगात एकच आहे? नाव तर कळलं ना आता." तिचं बरोबर होतं. वहिनी, त्या सुतकातच मी तुझं औषध करायला बसलो. बुंध्याची साल काढली, सावलीत ठेवली. अडुळशाची पानं वाळवली. बेहडे तुझ्याच शिंकाळ्यात होते. तुझ्याच खलात कुटलं, तुझ्याच फडक्यानं वस्त्रगाळ केलं. हे सगळं मंदाच्या नजरेआड. मी! तुला हसणारा मी, मंदाच्या कानावर झाडाचं नाव पडू नये म्हणून दादाला खुणेनं गप्प करत होतो. गुण जाईल म्हणून भीत होतो. कोणावर विश्वास नसला की माणूस सगळ्यावरच विश्वास ठेवायला लागतो.

मंदाला चिमूटभर चाखायला दिलं. तिनं डोळे मिटून जीभ फिरवली. तिच्याइतकं ते औषध कोणाला माहीत?

"मोठ्या आईचं नाही," ती म्हणाली. "मोठ्या आईचं शेवटी गोड लागतं."

मी ज्येष्ठमध घातला. "हे आधीच गोड आहे. तिचं नंतर लागतं." साल परत भाजून घातली. "आता करपट." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, राहू दे ना," आणि मी खल बाजूला ठेवला. काहीतरी चौथं होतं. किंवा काहीच नव्हतं आणि साल वेगळ्या महिन्यात काढायची होती. किंवा तुझ्यासारखी आदल्या संध्याकाळी जाऊन झाडाची परवानगी मागायची होती. मी परवानगी मागितली नव्हती. आधी पाडलं होतं, मग साल काढली होती.

म्हणजे खरं औषध उरलं ते एवढंच, पिशवीतल्या पुडीत. ती मी उघडून बघितली. मंदाला जेमतेम या थंडीपुरती. मी ती कापडात गुंडाळली, वर प्लॅस्टिकचा कागद आणि दर थोड्या वेळानं पिशवी चाचपून बघायला लागलो. सुमनला वाटलं पैसे ठेवलेत.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात सामान बांधत होतो. खालच्या अंगानं एक बाई चढून आली. कडेवर पोर. पलीकडच्या खोऱ्यातली असावी, पायांवर लांबची धूळ होती. तिनं ओसरीकडं बघून हाक मारली, "आक्का, अवं आक्का." तुला.

दादा म्हणाला, "ती न्हाई राह्यली बाई. परवा तेरावा झाला."

तिला ते आधी कळलंच नाही. मग ती होती तिथं खाली बसली. "आता गं बया," एवढंच म्हणाली. पोराच्या अंगात झबलं नव्हतं. त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी मला ओळखीची आहे. मंदा दारात उभी होती, तीही त्या पोराकडंच बघत होती. ओठ निळे नव्हते, ते मी पहिल्यांदा बघितलं.

"दवाखान्यात ने," मी म्हणालो. "उशीर करू नको."

"नेलं हुतं की. सुई दिली. चार दिस बरं ऱ्हातं, परत तेच. थोरल्याला आक्कानंच जगवलं हुतं. म्हनलं, तिच्याकडं जावं."

माझा हात पिशवीवर होता. वहिनी, मी तुला खोटं सांगणार नाही. माझ्या मनात पोराची दया आली त्याच्या आधी हे आलं की बरं झालं, पुडी आत आहे, दिसत नाही. दादाला ठाऊक नव्हतं. मी पुडी बरोबर आणलीय हे सुमनलाही ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर बाई थोडा वेळ रडून, पाणी पिऊन उतरली असती आणि कोणी मला एक शब्द बोललं नसतं. आजचं हे आभाळ मला त्या दिवशीच दिसत होतं. मंदाचे ओढलेले खांदे दिसत होते.

बाईनं माझ्याकडं मागितलं नाही. तिला मी कोण हेही माहीत नव्हतं. ती पोराची पाठ चोळत तुझ्याच आठवणी काढत बसली. थोरल्याच्या वेळी तू तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतंस, नवऱ्याला शिव्या घातल्या होत्यास पोराला धुरात निजवतो म्हणून. आणि ते ऐकता ऐकता मला कळलं की तू दिवाळीनंतर भिंगारला येताना अशाच कोणालातरी दारातून परत पाठवून आली असशील. सगळ्यात मोठी पुडी मंदाला आणायची म्हणून. तू मला ते बोलली नाहीस. मी तुला 'आधी घरचं लेकरू' म्हणत होतो आणि तू तेच करून आली होतीस.

मी पिशवी उघडली. प्लॅस्टिक सोडलं, कापड सोडलं. वाटलं, अर्धी द्यावी. अर्धी मोजायला गेलो तर वाऱ्यानं सांडते की काय अशी भीती वाटली, म्हणून सगळी पुडी तशीच तिच्या हातावर ठेवली. सुमन पुढं आली होती, मला वाटलं अडवते. तिनं फक्त मंदाच्या डोक्यावर हात ठेवला.

"चिमूटभर, मधातनं," मी म्हणालो. "वरून कोमट पाणी. धुरात निजवू नको. दवाखान्याचं औषध सोडायचं नाही. आणि ओठ निळे दिसले तर याची वाट बघायची नाही, उचलायचं आणि पळायचं."

तिनं पुडी कपाळाला लावली. काय आहे, कशाचं आहे, विचारलं नाही. पदराला गाठ मारून उठली, चार पावलं गेली आणि माझ्याकडं वळली.

"दादा, फुडं परत लागली तर? तुमच्याकडं येऊ का?"

आपला दादा तोंड उघडत होता. आता औषध संपलं बाई, असं तो म्हणणार होता आणि ते खरं होतं. मला ना पुरी कृती माहीत, ना महिना, ना ते शेवटचं गोड काय आहे ते. माझ्या हाताला काही गुण नाही. स्वतःच्या पोरीलाही देता येईना असा मी एक कारकून. पण तुझं 'कडी वाजवली तर उठनार का' आठवलं आणि माझ्या तोंडून "या" गेलं.

"म्या कुटं येऊ? तुमी हितलं न्हाई ना?"

"भिंगार. नगरच्या पुढं. स्टँडवरून टांगा मिळतो."

"भिंगारात कुटं?"

मी सांगितलं. पिठाच्या गिरणीमागची चाळ, सुभेदारांच्या समोर, दाराला निळा रंग. तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्या पाठोपाठ म्हणून बघितलं. एकदा चुकली, मी दुरुस्त केलं. मग ती ते पुटपुटत उताराला लागली. पार ओढ्यापर्यंत तिचे ओठ हलताना दिसत होते.

ती येणार, वहिनी. पत्ता चुकणार नाही.